तिसऱ्या हाकेची ओ

गेल्या डिसेंबरमधल्या एका शनिवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, बोरीवली पूर्वेतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात बिबट्या शिरला. मागच्या भिंतीपलीकडे जंगल आहे. वॉचमनने त्याला पार्किंगमध्ये कुत्र्यामागे जाताना पाहिलं आणि शिट्टी फुंकली. खाली मुलं लपाछपी खेळत होती. सगळी वर पळाली. माझी सात वर्षांची ओवी त्यांच्यात नव्हती.

नोकरीसाठी मी सावंतवाडीजवळचं गाव सोडलं त्या सकाळी आई एसटीपर्यंत आली होती. पैसे जप, वेळेवर जेव, हे सगळ्यांच्या आया सांगतात ते तिने सांगितलं. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "काळोखात कोणी हाक मारली तर लगेच ओ देव नको. तीन हाका होवंदे." आमच्याकडे मानतात की रानात काहीतरी असतं, ते ओळखीच्या आवाजात बोलावतं, पण ते दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा फक्त आपलं माणूस. मी हसले होते. मुंबईत काळोख कुठे असतो?

त्या शनिवारी दुपारी ओवीला शाळेसाठी काही वाक्यं हवी होती: लोक गावात का राहतात, शहरात का राहतात. मी सांगितलं, गावात शेती असते, आपली माणसं असतात. शहरात नोकरी, शाळा, हॉस्पिटल. शहरात रात्रीही उजेड असतो, म्हणून भीती नसते, हे वाक्यही मीच सांगितलं.

वॉचमनने लॉबीचं जाळीचं दार ओढून घेतलं होतं. मी बाहेर निघाले, तर तळमजल्यावरच्या शहाकाकांनी दंड धरला. म्हणाले, "तू गेलीस तर दोघींना शोधायला लागेल. वरून बघ." नवरा नाशिकला होता. मी जिन्याच्या प्रत्येक खिडकीतून एकेक हाक मारत वर गेले. ओ आली नाही. गच्चीवरून खाली पाहिलं. पंपाच्या खोलीमागे काहीतरी हललं, ते कुत्रं नव्हतं. मी कठड्याआड खाली बसले.

तिथे मला मे महिना आठवला. सुट्टीत ओवी गावी होती आणि आईने तिलाही तोच नियम शिकवला होता. आत्ता मी तिला हाका मारल्या होत्या खऱ्या, पण दर वेळी वेगळ्या जागेवरून, एकच; एका ठिकाणाहून तीन झाल्याच नव्हत्या.

मी पहिल्या मजल्यावर आले. एका खिडकीत उभी राहिले आणि हाक मारली. थांबले. दुसरी मारली. खाली कुत्रं केकाटलं आणि एकदम गप्प झालं. मी तिसरी हाक मारली.

"ओ," खालच्या मीटर रूममधून आवाज आला.

मी तिला आतून कडी लावायला सांगितलं. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

वनखात्याची माणसं आली तेव्हा बिबट्या भिंतीवरून परत गेला होता. ओवी रडली नव्हती. "तू आधी तीनदा बोलावलंच नाहीस ना," ती म्हणाली. मी फोनवर आईला सांगितलं, हा नियम मुलीच्या डोक्यातून काढ. आई म्हणाली, "चेडवाचा काय चुकला? तिसऱ्या हाकेक दिल्यान मा ओ?"

रविवारी ओवीने विचारलं, "मग आपण इथे का राहतो?" बाबांचं आणि माझं काम इथे आहे, असं मी सांगितलं. उजेडाचं वाक्य तिने खोडलं होतं.

गावात राहिलेले विचारतात, तिकडे घरासारखं वाटतं का. सोसायटीने मागच्या भिंतीवर जाळी बसवली आहे. मुलं आता दिवे लागायच्या आत वर येतात. काल संध्याकाळी वीज गेली. मी स्वयंपाकघरातून ओवीला हाक मारली. ती शेजारच्याच खोलीत होती. तिने तिसऱ्या हाकेला ओ दिली.