शेठला दिलेला मालगुजाराचा आवाज

“मॅडम, हा मित्र हिरोला विष कधी घालणार आहे?”

मुंबईच्या क्लायंटचा फोन मी स्पीकरवर घेतला होता. चंद्रपूरच्या आमच्या स्टुडिओत समोरच्या खुर्चीवर वासुदेवभाऊ बसले होते. साहेब ज्या मित्राबद्दल विचारत होते, त्याला आवाज भाऊंचाच होता.

“नाही हो सर, तो शेवटपर्यंत साथ देतो.”

“मग पहिल्या भागापासून गद्दार का वाटतो?”



आधी काम सांगते. मी डबिंग डायरेक्टर. परक्या भाषेतल्या पात्रांच्या ओठांवर मराठी शब्द बसवायचे आणि आर्टिस्टकडून ते बोलून घ्यायचे, हा माझा धंदा. ही मालिका म्हणजे जपानी ॲनिमे, तिकडचं कार्टून. तलवारी, जादू, आग ओकणारे राक्षस. हिरो फाटका. त्याचा मित्र सोन्याच्या खाणीवाल्याचा मुलगा. हिरोला जेवू घालणार, तलवार घेऊन देणार, वर मार खायलाही हाच पुढे. त्याचं जपानी नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला शेठ म्हणत.

वासुदेवभाऊ आरमोरीकडचे. जन्म झाडीपट्टीच्या नाटकांत गेलेला. आमच्याकडे धान निघालं की गावोगावी मंडप पडतात आणि माणसं थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत नाटक बघतात. भाऊ तिथले नावाजलेले मालगुजार. मालगुजार म्हणजे जुन्या काळचा गावचा जमीनदार. नाटकात तो पहिल्या अंकात हिरोला मिठी मारतो आणि तिसऱ्यात त्याचं घर जाळतो. भाऊंनी नुसता घसा खाकरून शेवटचा शब्द गोडीत लांबवला, की मंडपातल्या बाया शिव्या घालायच्या. पण आता तो घसाच गेला होता. डॉक्टरांनी स्टेजवर ओरडायला मनाई केली होती. माईकसमोर हळू बोललं तरी चालतं, म्हणून मी त्यांना बोलावलं. नट म्हणून त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं. माहा आवाज टीव्हीवर येऊन राह्यला, असं ते अख्ख्या गावाला सांगून आले होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “बाई, हा दोस्त खरा हाय का खोटा?”

क्लायंट थोडे थोडे भाग पाठवायचा. पुढचं मला ठाऊक नव्हतं. एक फोन करून विचारता आलं असतं. पण मीही त्याच मंडपांत वाढलेली.

“भाऊ, एवढ्या पैशावाल्याचं पोरगं खरं कुठी राहते? थोडा मालगुजार ठेवा.”

“काऊन पण? त्याच्या तोंडावर तं तसं काई दिसून नाई राह्यलं.”

“ठेवा हो भाऊ. मजा येते.”

ठेवला त्यांनी. लढाईआधी शेठ हिरोला म्हणतो, “तू पुढं हो. मागं मी आहे.” भाऊंनी घसा खाकरून ते असं काही म्हटलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या भागांत हाच शेठ हिरोला वाचवायला आगीसमोर उभा राहिला, तेव्हा माझे डोळे उघडले. तरी मी गप्प बसले. चालून जाईल म्हटलं. कसलं चालतंय!

“कोणाची आयडिया ही?” फोनवर साहेब विचारत होते.

पुढच्या सीझनचं काम याच माणसाच्या हातात होतं. माझी जीभ पटकन हलली. “आर्टिस्ट नाटकातले आहेत सर. मी सांगितलं होतं त्यांना, पण सवय जात नाही.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे. मग ते फोनकडे वाकले. “साहेब, माहीच चूक झाली. बाईनं बरोबर सांगतलं होतं. मीच आयकलं नाई.”

“आर्टिस्ट बदला,” साहेब म्हणाले.

मी “हो सर” म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण त्या घडीला मला हायसंच वाटलं.

फोन ठेवल्यावर मी कसंबसं म्हटलं, “भाऊ, मी...”

“राहू द्या बाई. तुमाले अजून लय काम करायचं हाय.” पिशवी उचलून ते निघून गेले.

नागपूरच्या दुसऱ्या आर्टिस्टनं शेठचे सगळे भाग नव्यानं केले. मालिका आली. पुढचा सीझनही मला मिळाला. मन मात्र खात होतं. शेवटी माफी मागायला मी भाऊंच्या गावी गेले. भाऊ शेतावर होते. सुनेनं चहा ठेवला.

“बाबानं सांगतलं आमाले,” ती म्हणाली. “घशानं दगा देल्ला म्हणून मीच काम सोडलं म्हणे. बाईले मधातच दुसरा माणूस पाहा लागला, लय तरास झाला तिले. तुमी रागावल्या तं नाई ना त्यायच्यावर?”

खरं ओठांवर आलं होतं. शप्पथ आलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “मी नाही रागावले.”

भाऊ परतायच्या आत मी गाडी काढली. पात्र पुरतं कळल्याशिवाय आर्टिस्टला सूचना देऊ नये, हे मी आता नव्या मंडळींना शिकवते. ते माना डोलावतात. भाऊंच्या घरी मात्र मी पुन्हा गेलेले नाही.