भुऱ्याची ताटली

पारूमावशीची आणि माझी ओळख तिने माझं मनगट धरल्यामुळे झाली. एडवणच्या किनाऱ्यावर तिची पत्र्याची शेड होती, शेडखाली चार टेबलं. मी जेवायला बसलो होतो आणि टेबलाखालून एक भुरा कुत्रा, आठवडाभर उपाशी असल्यासारखा, माझ्याकडे बघत होता. प्रत्यक्षात त्याचं पोट माझ्या पोटापेक्षा भरलेलं होतं. कोंबडीची तंगडी संपवून मी हाडूक त्याच्यापुढे टाकणार, तेवढ्यात मागून एक ओला हात आला आणि मनगटावर घट्ट बसला.

"हात खाली. हाडूक नाय द्यायचं."

"अहो, कुत्र्याला हाड नाही द्यायचं तर काय द्यायचं?"

"ते माजं मी बगते. तुमी भात घ्या."

एवढं बोलून तिने माझ्या ताटातली हाडं उचलली आणि आत नेली. मी बदलीवर पालघरला नवा आलो होतो. सरकारी माणसाच्या ताटातून असं काही उचलून नेतात याची मला सवय नव्हती. पण जेवण असं होतं, की पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथेच गेलो, आणि मग पालघरात होतो तोवर जातच राहिलो.

मावशी जन्माने आणि धंद्याने कोळीण. नवरा नथूकाका याची लहानशी होडी होती. पुढे पाठ साथ देईना, तेव्हा तो दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करून देऊ लागला आणि मावशीने शेड घातली. समुद्रावर येऊन माणसं कोंबडी मागतात, हे तिला अखेरपर्यंत पटलं नाही. "दर्या समोर हाय, पापलेट तव्यावर हाय, आनि यांना तंदुरी पायजे," असं ती भट्टीतले कोळसे ढकलत म्हणायची. तक्रार करत करत ती चिकन भाजायची मात्र उत्तम. बोईसरच्या कारखान्यांतले लोक सुट्टीला खास त्यासाठी यायचे.

आलेला प्रत्येक जण भुऱ्याला काहीतरी घालायला बघायचा. माणसांचा हा सोस थांबत नाही हे ओळखून मावशीने वेगळीच युक्ती काढली. जेवणाच्या फळ्यावर सुरमई, बोंबील, तंदुरी यांच्या खाली तिने लिहून घेतलं होतं, "बिनमसाला कोंबडी-भात, भुऱ्यासाठी". मसाला लावायच्या आधीच ती छातीचे तुकडे बाजूला काढायची, कातडी काढायची, नुसत्या पाण्यात शिजवायची आणि बोटांनी पिंजून मऊ भातात कालवायची. मीठ नाही, तेल नाही, कांदा-लसणाचा तर वाससुद्धा नाही. ज्याला कुत्र्याचा पुळका येईल त्याने पैसे द्यावेत आणि ताटली घालावी. दिवसाला दोन ताटल्या, त्याही वाटीएवढ्या. तिसरी कोणी मागितली तर, "त्याचं जेवन झालंय, आता तुमचं बगा," हे उत्तर ठरलेलं.

एकदा एका लहान मुलीने हट्ट धरला, की भुऱ्याला भट्टीवरचंच चिकन हवंय. मावशीने वाद घातला नाही. एक कोरा तुकडा भट्टीवर ठेवला, शिजवला, जिथे काळा झाला होता तेवढा भाग कापून टाकला आणि बाकीचा पिंजून दिला. "भट्टीचं वावडं नाय त्याला," ती मुलीच्या आईला म्हणाली, "वावडं तुमच्या मसाल्याचं हाय."

फळ्यावरच्या त्या ओळीने एकदा मजाही झाली. आम्लपित्ताने गांजलेल्या एका गृहस्थाने चष्मा न लावता फळा वाचला आणि बिनमसाला कोंबडी-भात मागवला. अर्धी ताटली संपेपर्यंत त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्यांना भुऱ्या समोर येऊन का बसलाय याचा उलगडा झाला. ते उठायला लागले तशी मावशी म्हणाली, "बसा, जेवा. आज त्याच्यापेक्षा तुमालाच जास्त गरज हाय." गृहस्थ जेवले आणि निघताना ताटली चांगली झाल्याचंही सांगून गेले.

सगळेच असे निमूट ऐकत नसत. वाढदिवस साजरा करायला आलेल्या एका टोळक्याने भुऱ्यापुढे चॉकलेटचा केक धरला. मावशीने तो झडप घालून काढून घेतला. त्यांच्यातला एक हिंदीत चढ्या आवाजात बोलायला लागला, तशी तिने अर्धवट भाजलेली त्यांची कोंबडी भट्टीवरून उतरवली आणि "चला, उठा" म्हणाली. भर दुपारी दोन टेबलं रिकामी झाली. तिला त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र हे जरा अतीच वाटलं आणि मी तसं म्हणालोही. ती रिकामी टेबलं पुसायला लागली.

आणखी एक गोष्ट मला खटकायची. मावशीने पिंजलेली ताटली भुऱ्यापर्यंत कधी तिच्या हाताने जायची नाही. नथूकाका उठायचा, तिच्या हातातून ती घ्यायचा, सगळा भात पुन्हा बोटांनी चाचपायचा आणि मग स्वतः कुत्र्यापुढे ठेवायचा. मावशी तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभी राहायची.

याचं कारण तिनेच एकदा सांगितलं. भुऱ्याच्या आधी काकाचा काळ्या होता. होडी परत यायच्या वेळी काठावर जाऊन बसणारा. कोळ्याच्या घरातला कुत्रा, भात आणि उकडलेली मासळी खाऊन मोठा झालेला. शेड नवीन सुरू झाली तेव्हा मावशीने उरलेली भाजलेल्या कोंबडीची हाडं कौतुकाने त्याच्यापुढे ओतली. मासळीतलं तिला सगळं कळायचं, कोंबडीतलं काही कळत नव्हतं. शिजलेलं हाड फुटलं की त्याचे सुळे होतात, हे तिला जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा काळ्या मरून त्याच्या टेबलावर पडला होता.

"हा कायच बोलला नाय," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "त्या दिवशी नाय, आजपरेंत नाय. नुसती ताटली माज्या हातातून घेतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, भाऊ." एरवी कुणाला दाद न देणाऱ्या बाईचा आवाज त्या वेळी फार बारीक झाला होता. मला तिची दया आली आणि काकाचा रागही आला.

गटारीच्या रविवारी शेडवर नुसती झुंबड असायची. श्रावणाच्या आधी जेवढी कोंबडी पोटात जाईल तेवढी घालून घ्यायची, असा सगळ्यांचा निर्धार. एकदा अशाच गर्दीत जागा नाही म्हणून एका कुटुंबाने तंदुरी बांधून घेतली आणि ते वाळूवर जाऊन बसले. माणसं सभ्य होती. कचरा नको म्हणून त्यांनी हाडं खड्डा करून नीट पुरली. भुऱ्याने ती तितक्याच नीटपणे उकरली. मावशी, काका आणि मी पोहोचलो तेव्हा खड्डा रिकामा होता आणि भुऱ्या जिभल्या चाटत होता.

मावशीने आधी खड्ड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. पुन्हा तिच्याच भट्टीची कोंबडी. मग तिने मला फोन लावायला सांगितलं.

कुत्र्याला ओकवू नका, हाड वर येताना घशात अडकेल, असं पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं आणि लगेच आणायला सांगितलं. माझ्या गाडीत मागे ते दोघं आणि मध्ये भुऱ्या. एक्स-रेच्या फोटोत हाडाचे तुकडे पोटात दिसले. ते तिथेच विरघळण्याची आशा आहे, पोट फुगलं किंवा रक्त पडलं तर कापावं लागेल, बाई म्हणाल्या. तोवर मऊ अन्न, थोडं थोडं, आणि लक्ष ठेवा.

पुढचा रविवार येईपर्यंत मला कामात लक्ष लागलं नाही. गेलो तर शेड बंद होती. पाठीमागच्या ओट्यावर भुऱ्या पडला होता, वाळलेला, पण शेपूट हलवत होता. सकाळीच पुन्हा फोटो काढून आणला होता आणि पोट साफ होतं. "आता हाडाचं पार्सल बंद," मावशी मला बघून म्हणाली. "बसून खावा, हाडं माज्या हातात द्या, मग जावा." चुलीवरून तिने कोंबडी उतरवली, पिंजली, भातात कालवली आणि सवयीने ताटली नवऱ्यापुढे धरली.

नथूकाकाने ती घेतली. बोटं भातात घातली नाहीत. तशीच तिच्या हातात परत दिली.

"माजे डोले आता नाय चालत," तो म्हणाला. "एकादं हाड राहिलं तर मना दिसायचं नाय. तूच घाल गो."

मग तो अंगणात जाऊन जाळ्यापाशी बसला. आभाळ भरून आलं होतं, उजेड कमी होता. त्या बारीक जाळ्यातलं दोरा तुटलेलं एक घर त्याने लगेच शोधलं आणि मान वर न करता विणायला लागला. मावशी त्याच्या पाठीकडे बघत उभी होती. मग ती भुऱ्याजवळ बसली आणि एकेक घास त्याला भरवू लागली.