गौरीच्या ओटीतलं नाणं

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, शाळा चौथीपर्यंतच. तेवढं सांभाळून घ्या. हे मी आपल्या भाषेत आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही.

इकडे परदेशात, बुकित तिमाहला एका पुण्याच्या कुटुंबाकडे मी स्वयंपाकाला आहे. दादा-वहिनी दोघं डॉक्टर. तेव्हा आजोबांचं करायला युली होती, इंडोनेशियाची. ती मला ‘काका’ म्हणायची — त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात — आणि मुलं इथल्या बोलीत शेवटी ‘लाह’ लावून खिदळायची, "मावशी, तुमच्या मिशा कुठेत, लाह?"

वहिनींकडे त्यांच्या आईची माळ आहे. हल्लीच्या पुतळ्यांसारखी सपाट नाही. यादव राजांच्या वेळची सोन्याची नाणी, बशीसारखी खोलगट, मधे कमळ. कुणीतरी पूर्वी त्यांना कड्या जोडून ओवून घेतली. दरवर्षी गौरीच्या गळ्यात तीच. त्या वर्षी रिठ्याच्या पाण्यात धुताना एक कडी झिजलेली मला दिसली होती. बोलले नाही. मी कुठे काही बोलते?

गौरी गेल्या. ओटीचे तांदूळ, खण, नारळ वहिनींनी मला दिले. म्हणाल्या, "मावशी, हा तुमचाच मान." दुपारी तांदूळ निवडायला घेतले, तर त्यात नाणं.

आणि मी काय केलं? देवीनेच दिलं म्हटलं. लेकीचं लग्न ठरलं होतं, तिच्या अंगावर घालायला गुंजभर सोनं नव्हतं. ओटीत आलेलं कुणी परत करतं का? — असं स्वतःला समजावलं. पण खरं सांगू? नाणं कुणाचं ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

संध्याकाळी माळ डब्यात ठेवताना वहिनींना एक जागा रिकामी दिसली. देवघर, सोफा, केराची पिशवी, सगळं पाहून झालं. मग त्या मला म्हणाल्या, "तुम्ही घरच्या. तुम्हीच युलीची बॅग बघा."

मी बघितली — नाणं माझ्या पोलक्यात होतं, छातीला टोचत होतं, आणि मी तिचा एकेक कपडा झटकत होते. तिच्या मुलाचा फोटो चौकटीतून काढून मागूनसुद्धा पाहिला. कशासाठी? वहिनी बघत होत्या म्हणून? की मलाच तिथे काहीतरी सापडायला हवं होतं?

युली एवढंच म्हणाली, "काका, यू नो मी."

मी फोटो परत चौकटीत सरकवला.

काही सापडलं नाही, तरी तिचं कामाचं परमिट रद्द झालं. निघताना तिने आजोबांच्या गोळ्या मला समजावून दिल्या — सकाळची कुठली, जेवणानंतरची कुठली.

सुट्टीवर गावी गेले तेव्हा सोनाराकडून नाण्याला नवी कडी जोडून घेतली. लेक लग्नात ते घालून बसली. कुणी विचारलं की मी सांगायची, गौरीने दिलं. दोन्ही हात जोडून सांगायची.

इकडे माळेत वहिनींनी त्या जागी नवी पुतळी घातली. दर गौरीला माळ मीच धुते. कमळांवरून फिरणारं बोट त्या सपाट पुतळीशी येऊन थांबतं.

या उन्हाळ्यात लेकीकडून नाणं मागून घेतलं. म्हटलं, आपलं नाही ते. तिने माझ्याकडे पाहिलं, गळ्यातून काढलं आणि आत निघून गेली. आता ते इथे ताटलीत आहे. परवा गौरी बसतील. त्याआधी ते वहिनींच्या हातात देईन, आणि बॅग तपासताना ते कुठे होतं तेही सांगेन. मला कामावर ठेवतील, काढतील — त्यांनी ठरवावं.

युलीच्या करारातले जेवढे महिने बुडाले, तेवढा पगार मी लिटिल इंडियातल्या पैसे पाठवायच्या दुकानातून थोडा थोडा पाठवत आले. दरवेळी तिचा फोनवर आवाज यायचा, "काका गुड, काका व्हेरी गुड." मायेने पाठवते असं तिला वाटायचं. मी वाटू दिलं.

या रविवारी शेवटचा हप्ता पाठवला आणि दुकानाबाहेर उभं राहून माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये फोनवर बोलून धाडलं — कॉईन माझ्याकडे होतं, युली. बॅग बघताना माझ्याकडेच होतं.

तिने ऐकलं, तशी निळी खूण आली. उत्तर आलं नाही.

पैसे सगळे फिटले.