टेबल मधे हलकं, कडेला जड

ह्यांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यातलं आमचं सीएनसी मिलिंग मशीन मी चालवू लागले. मशीन जुनंच, आधी एका कंपनीत वर्षानुवर्षं राबून आलेलं. द्राक्षबागेत फवारणीला जे पंप लागतात, त्यांची झाकणं त्याच्यावर व्हायची. प्रोग्रॅम ह्यांनीच भरून ठेवलेले होते. मी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मशीनच्या टेबलावर बांधायचे, बटण दाबायचे, मोजून बाजूला ठेवायचे. एवढं जमलं होतं मला, आणि एवढ्यावर घर चाललं होतं.

एका सकाळी टेबल डावीकडे सरकताना थरथरलं, पडद्यावर अलार्म आला आणि जळका वास सुटला. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने मागचं झाकण उघडलं.

"वहिनी, टेबल आडवं सरकवणारी मोटर गेली. पुढं-मागं करणारीचंही काही खरं नाही. दोन्ही बदला."

तशा मोटरा आता मिळत नव्हत्या. नव्या घ्यायच्या तर त्यांना चालवणारे ड्राइव्हही नवे. मी घ्या म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मोटरा बसल्या. टेबल मधल्या भागात असं सुरेख सरकलं की मला रडूच आलं. घरी फोन लावून ह्यांना टेबल सरकल्याचा आवाज ऐकवला. मग टेबल टोकाकडे गेलं आणि तिथेच अडकलं. पुन्हा तोच अलार्म. दुसऱ्या टोकालाही तेच. इलेक्ट्रिशियनने वायरी तपासल्या, आकडे बदलून पाहिले आणि शेवटी पाना खाली ठेवला.

"मोटर नवी, ड्राइव्ह नवा. अडतंय ते लोखंडात आहे. दादांना आणा."

झटक्यानंतर हे गाळ्यावर आले नव्हते. सिडकोतल्या घरून रिक्षाने आणलं, दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. ह्यांनी डावा तळहात टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. उजवा मांडीवर पडून होता.

"मोटर... सोडव," ते म्हणाले. जीभ अजून जड होती. माझ्याशिवाय कुणाला ते बोलणं कळत नसे. "स्क्रू हातानं फिरव."

इलेक्ट्रिशियनने मोटर सोडवली. मी टेबल ओढणाऱ्या स्क्रूचं टोक पकडून फिरवायला लागले.

"कसं लागतंय?"

"हलकं आहे."

"फिरव."

"अजून हलकंच... आता जड झालं. अहो, आता फिरतच नाही."

"उलटं फिरव."

तिकडच्या टोकालाही तसंच. हे डोळे मिटून बसले. मग त्यांनी एकेक शब्द शोधत सांगितलं. सगळे जॉब टेबलाच्या मधोमध बांधले जायचे, म्हणून ज्या पट्ट्यांवर टेबल सरकतं त्या मधेच झिजल्या. मधे टेबल डुलायला लागलं की हे टेबल पट्ट्यांवर घट्ट धरणारी बाजूची पाचर थोडी आवळायचे. मधलं डुलणं जायचं, पण टोकाकडच्या पट्ट्या तर न झिजलेल्या, तिथे टेबल गच्च बसायचं. जुनी मोटर त्या गच्चपणाशी झगडतच जळाली होती. नवीही तशीच जळाली असती.

"मग पाचर सैल करू ना," मी म्हणाले.

सैल केली. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद गेलं. टेबल किती हलतं ते मोजायला ह्यांनी डायल लावायला सांगितला. मधे आल्यावर मी टेबल हाताने हलवलं तर काटा गरकन फिरला. एवढ्या फरकात एकही झाकण पंपावर बसलं नसतं.

"स्क्रेपिंग," हे म्हणाले.

लग्नाआधी सातपूरच्या एका कंपनीत हे तेच काम करायचे. निळा रंग लावायचा, कुठे टेकतंय ते बघायचं आणि हाताने, कणाकणाने तिथलं लोखंड खरवडून सगळी पट्टी एकसारखी करायची. कपाटात त्यांचं स्क्रेपर होतं. ह्यांनी ते मागून घेतलं, डाव्या हातात धरलं, मूठ छातीशी दाबली आणि एका उघड्या पट्टीवर ढकललं. ते घसरलं. पुन्हा ढकललं. लोखंडावर वेडावाकडा ओरखडा उठला. इलेक्ट्रिशियन पाणी आणतो म्हणून बाहेर गेला.

"राहू द्या," मी म्हणाले.

"मला येतं गं," ते म्हणाले. "मला येतं हे."

त्या महिन्यात मला सगळ्यात स्पष्ट ऐकू आलेलं त्यांचं वाक्य तेच. मी स्क्रेपर त्यांच्या बोटांतून सोडवून घेतलं. त्यांनी सोडलं नाही लगेच.

नंतर मी असं काम करणारा माणूस शोधत हिंडले. एकाने गाळ्यात येऊन मशीनभोवती एक फेरी मारली आणि भंगारवाल्याचा नंबर देऊ का, असं अगदी आपुलकीने विचारलं. दुसऱ्याची नजर गेली होती.

शेवटी पाचर सैलच ठेवली. पंपवाल्यांना मीच फोन करून सांगितलं की झाकणं आता जमणार नाहीत. ते चांगलं बोलले. नंतर त्यांचं काम आलं नाही. आता टेबलाच्या डाव्या टोकाला, जिथे पट्ट्या शाबूत आहेत, पण झाकण मावत नाही, तेवढ्या वीतभर जागेत बारीकसारीक जॉब बांधते. आले तर. नव्या मोटरा अगदी आवाज न करता चालतात.

हे गाळ्यावर येत नाहीत. दिंडोरीचे दीर म्हणतात, बंद करा आणि गावाकडे या. मी विषय काढला की हे भिंतीकडे कूस वळवतात. ती कूससुद्धा त्यांना एकट्याने पुरती वळवता येत नाही. मी उठते आणि पाठीला हात देते.