द्वारकाबाईंच्या घरचे पाणी

"मी तर द्वारकाबाईंच्या घरी कितीदा पाणी प्यालो आहे!" रावसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. शाळेच्या हॉलमध्ये ठाण्यातली पंधरा-वीस प्रतिष्ठित मंडळी शोकसभेला जमली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मृत्युपत्राचा कागद पुढ्यात ठेवून ऐकत होतो. मी वकील. एरवी खोटे ऐकायची फी घेतो.

द्वारकाबाई नर्स होत्या. त्या हॉलमधल्या निम्म्या घरांतली बाळंतपणे त्यांनीच केलेली. जाताना त्यांनी होते नव्हते ते नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या स्कॉलरशिपसाठी ठेवले. मी एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्रात लिहिले आहे ते घडवून आणणारा. मुलगी निवडायची होती तिघांच्या कमिटीने. आणि कमिटीवर कोण? 'जे माझ्या घरी पाणी प्याले आहेत, असे कोणीही तिघे.'

लिहितानाच मी हरकत घेतली होती. "बाई, असली अट कशाला? सरळ नावं घाला."

"माणसं मरतात, वकीलसाहेब. पाणी प्यालेलं कोणीतरी उरेल. लिहा तुम्ही."

अट विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. बाळंतपण उरकले की द्वारकाबाईंना ओटीवर चहा मिळे. कप वेगळा, कोनाड्यातला, कान तुटलेला. चहा झाला की त्यांनीच तो विसळून पालथा घालायचा. सगळ्या जातींची बाळंतपणे करणारी, मढी धुणारी बाई; तिचा विटाळ होतो ना! तिच्या हातून पोर घेताना मात्र कुणाला विटाळ झालेला मी पाहिला नाही. असली माणसे तिच्या घरी पाणी कशाला पितात? आता बाई गेल्या आणि मेल्या म्हशीला मणभर दूध आले.

अर्ज एकच होता. वत्सला, कोपरीच्या मिठागरावर राबणाऱ्या एका विधवेची मुलगी. हॉस्पिटलने तिला घेतले होते, पण शनिवारपर्यंत फी भरली नाही तर जागा जाणार होती. मग मामा तिला चाळिशीच्या बिजवराला द्यायला टपलेलाच होता.

"चांगल्या घरातली मुलगी येईपर्यंत थांबू," रावसाहेब म्हणाले.

"चांगल्या घरातली मुलगी बेडपॅन उचलेल?" मी विचारले.

"म्हणून तर थांबू म्हणतो."

मला संताप आला. मी बॅगेतून कागद काढले. "हे अ‍ॅफिडेव्हिट. 'मी द्वारकाबाईंच्या घरी पाणी प्यालो आहे' असं शपथेवर लिहून द्यायचं. खोटं निघालं तर गुन्हा. एक प्रत या हॉलच्या दारावर लावतो, कुणाची हरकत असेल तर कळेल. करा सही."

रावसाहेबांनी पेन उघडले. वाचले. टोपण लावले. खोटे ठरले तर कोर्ट होते आणि खरे ठरले तर त्याहून वाईट, कारण त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते आणि व्याही कडक सोवळ्यातले.

"घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.

बाकीच्यांनाही अचानक कामे आठवली. शपथ घातली म्हणून माणूस खरे बोलतोच असे नाही, पण निदान गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी मी खोपटला, द्वारकाबाईंच्या गल्लीत गेलो. टांगेवाल्या हुसेनचाचांनी आणि हॉस्पिटलच्या सफाईवाल्या भिकाजीने विचारताक्षणी अंगठा पुढे केला. शेजारची कोळीण तर माझ्यावरच उखडली. "नुसता पानी? मी त तिचे घरान जेवलेय!"

तीन अंगठे उठले, कमिटी झाली. शुक्रवारी वत्सलाची फी भरली.

तीन-चार वर्षांनी रावसाहेब आजारी पडले. मी हॉस्पिटलात भेटायला गेलो. ड्यूटीवर वत्सला होती. मी तिला ओळखले, त्यांनी नाही.

"सिस्टर, पाणी!" ते कण्हले.

तिने त्यांची मान उचलून धरली आणि कप ओठांना लावला. रावसाहेब घटाघटा प्याले. आणखी मागितले. घरी विचारून सांगतो, असे काही म्हणाले नाहीत.