बिनधास्त आत शिरा

सांगा, रस्ता कुणाचा असतो?

मला या प्रश्नाचं उत्तर बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं. सगळ्यांचा! आई-बाबा दोघंही चळवळीतले. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. पाण्याचं पत्रक, रेशनचं पत्रक, मोर्चाचं पत्रक. इतर मुलांना झोपताना गोष्टी मिळत, मला ‘बंधू-भगिनींनो’ने सुरू होणारा मजकूर मिळे. त्यामुळे आजही मी साधं वाक्य लिहायला बसले, तरी शेवटी उद्गारचिन्ह येतं. ते खोडायला मला कष्ट पडतात.

जुन्या शहराचं पत्रक आम्ही काढलं तेही याच तावातावात. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या दोन मैत्रिणी. शहर दाखवायला गाइड असतात, पण त्यांच्या मागं मेंढरासारखं चालावं लागतं आणि ते म्हणतील तिथंच थांबावं लागतं. शिवाय आमचा मुद्दा वेगळाच होता. आमच्याकडं मुलीला रस्त्यावर असायला काहीतरी काम लागतं. क्लास, भाजी, दवाखाना. नुसतं हिंडणं हे काम नव्हे. ‘कुठं चाललीस?’ याला ‘कुठंच नाही, बघतेय’ हे उत्तर चालत नाही. हातात एक घडीचा कागद असला, त्यावर नकाशा असला, की तेच काम होतं. मुलींनी कागद घ्यावा आणि आपलं आपण चालावं. गाइड नको, भाऊ नको, परवानगी नको!

शहराचं कुठलं नाव छापायचं, जुनं की बदललेलं, यावरून आम्ही तिघी एक अख्खी संध्याकाळ भांडलो. शेवटी ‘आपलं जुनं शहर, आपल्या पायांनी’ असं लिहून मोकळ्या झालो. औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात पत्रक छापलं आणि चहाच्या टपऱ्यांवर, पुस्तकांच्या दुकानांत फुकट ठेवलं. पैठण गेटपासून सुरुवात, गुलमंडी, सिटी चौक, सराफा, आणि शेवट शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी.

सराफ्याच्या मागं एक दगडी कमान आहे. खालून गेलं की एक बंद गल्ली लागते. दोन्ही बाजूंना घरं, टोकाला जुन्या नहरीचा चुनेगच्ची बंबा, म्हणजे पाण्याचा बुटका मनोरा. एकेकाळी यातून गल्लीला पाणी मिळायचं, आता त्याच्या भेगेत पिंपळ उगवलाय. पत्रक तयार करताना आम्ही तिथं गेलो, तेव्हा दुपार होती आणि गल्ली बायकांनी भरलेली होती. कुणी लसूण सोलत होतं, कुणी केस वाळवत होतं. मधोमध खाटेएवढी लाकडी चौकट मांडून एक वयस्कर बाई लाल ओढणीवर जरीचं काम करत होत्या. सगळ्या त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी आम्हाला चहा पाजला. आम्ही भारावून परतलो आणि मी पत्रकात लिहिलं, ‘कमान बघून बिचकू नका. बिनधास्त आत शिरा. रस्ता सगळ्यांचा आहे!’

लोक बिनधास्त आत शिरले.

हिवाळ्यातल्या एका रविवारी पत्रक कसं चाललंय ते बघायला मी गेले. गल्लीत दहा-बारा जण होते, सगळे पुरुष; फुकटचा कागद कुणीही उचलत होतं. एक जण बंब्यावर चढून फोटो काढून घेत होता, दुसरा एका घराच्या खिडकीची जाळी किती जुनी आहे ते नाक लावून बघत होता. सगळ्यांच्या हातात आमचा कागद. मला आधी आनंदच झाला. मग लक्षात आलं की गल्लीतली एकही बाई बाहेर नाही. दारं बंद. बाहेरच्या खाटा भिंतीला उभ्या केलेल्या.

ते गेल्यावर मी खालांची कडी वाजवली.

“कौन?”

“मी. ती पत्रकवाली.”

दार उघडलं ते त्यांच्या सुनेनं. तिनं माझ्या मागं डोकावून बघितलं. “आव. तुमारे मेहमानां गए क्या? अब कितने बजे दुसरे आते, वो बी छाप दो ना कागज पे.”

आतल्या खोलीत चौकट मावत नव्हती. तिचं एक टोक पलंगावर, दुसरं शिलाई मशीनवर टेकवलं होतं. वर ट्यूबलाइट. खाला जवळजवळ नाक टेकवून बसल्या होत्या. ओढणी तीच होती, लाल, आणि जरीची वेल मी गेल्या खेपेला पाहिली होती तिथून फार पुढं सरकली नव्हती.

“बत्ती में लाल बी काला दिखता, बेटी,” त्या म्हणाल्या. “टांका किधर गया समझताच नइ. चार टांके डालना, तीन उधेडना.”

“मग बाहेर का नाही बसत?”

सून खो खो हसली. “सुनो अम्मी, पूछ रई कायकू नइ बैठते!”

मग तिनं फळीवरून आमचं पत्रक काढलं. खालांना उर्दू येतं, मराठी वाचता येत नाही. सून मराठी शाळेत शिकलेली. ती उभी राहिली, मूठ वर केली आणि सभेत भाषण करावं तसं वाचून दाखवलं. “बिनधास्त! आत! शिरा!” शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. मी सोडून सगळ्या हसल्या.

मी भांडले. मला भांडताच येतं. म्हटलं, खाला, रस्ता तर सगळ्यांचा आहे. बायकांनी आत का जायचं? तुम्ही बसा बाहेर, बघू कोण काय म्हणतंय.

खालांनी सुई कपड्यात टोचून ठेवली. “हौ, सबका है. फिर हमारा बी हुआ ना? घर में एक खिडकी, वो बी पिछले दीवार को. ये गल्ली हमारा आंगन है. मैं यां सर पे पल्लू नइ, पांव पसार के बैठती. अब हर घंटे को दस मर्दां आके मेरे मुंडी पे खड़े. मैं काम करूं या उनकू देखूं? ईद के बाद छोरी का निकाह है. मेरी नवासी, बेटी की बेटी. उसका दुपट्टा दुसरा कोई नइ बनाएंगा, मैंच बनाऊंगी.”

मुलींना रस्त्यावर जागा मिळावी म्हणून काढलेल्या कागदानं एका गल्लीतल्या बायकांची जागा घेतली होती.

“आम्ही ही गल्ली पत्रकातून काढून टाकतो,” मी म्हणाले.

“नक्को!” हे सुनेनं सांगितलं, आणि रागानं. “मेरे से पूछा क्या तुमने? परसों वो जळगाव की छोर्‍यां आई थीं, कित्ता मजा आया. मैं किदर घूमने जाती? यां लोगां आते तो दुनिया आती. बंद नइ करना. ढंग से आना.”

“म्हणजे कसं?”

दोघी सासू-सुनांनी एकमेकींकडं असं बघितलं की जणू मी विचारलं होतं, पाणी कसं प्यायचं.

“आवाज देके,” खाला म्हणाल्या. “हमारे खुद के मर्दां कमान पे रुकते. ‘आऊं क्या जी’ बोलते. कोई बोली ‘आव’, तब आते. सब्जीवाला बी, पोस्टमन बी. तुम तीनों आए थे तब तुमारी वो मोटी चश्मेवाली कमान सेच पानी मांगते आई थी. आवाज आया, हम बोले आव. नइ तो चाय कायकू पिलाते?”

आम्ही समजत होतो की गल्ली उघडी आहे. ती आमच्यासाठी उघडली गेली होती.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. तर ती म्हणाली, “मग रडतीस काय? पत्रक चुकलं तर पट्टी लावायची. आम्ही मोर्चाची जागा बदलली तवा रातभर पट्ट्या चिकटवल्या हुत्या. खळ कर कणकीची.”

आमच्या घरची ही जुनी रीत. नवं छापायचं नाही, चुकलेल्या ओळीवर कागदाची पट्टी डकवायची. पट्टीवर काय लिहायचं ते मात्र मी एकटीनं ठरवलं नाही. मजकूर घेऊन गल्लीत गेले. सुनेनं माझं पहिलं वाक्य वाचलं, ‘स्थानिक महिलांच्या खाजगी अवकाशाचा सन्मान करा!’, आणि विचारलं, “ये किसकू बोल रए?” ते गेलं. खालांनी दुपारची वेळ सांगितली, जेव्हा ऊन गल्लीच्या मध्यावर येतं, तेव्हा कुणी यायचं नाही. शेवटी पट्टीवर एवढंच उरलं, ‘कमानीपाशी थांबा. येऊ का, असं विचारा. उत्तर आल्यावरच आत या. दुपारी येऊ नका.’ एकही उद्गारचिन्ह नाही. ते वाक्य वाचताना आजही माझा हात शिवशिवतो.

टपऱ्यांवरची, दुकानांतली पत्रकं गोळा करून आम्ही गल्लीतच पट्ट्या लावल्या. शेजारणींनी खळीत बोटं घातली. माझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीला अख्ख्या गल्लीनं ‘पानीवाली’ हे नाव दिलं, आणि ती चिडते म्हणून दर खेपेला त्याच नावानं हाक मारतात.

सगळे थांबतात असं नाही. मध्ये एक काका सरळ आत आले आणि ‘सार्वजनिक जागा आहे’ म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत सुनेनं त्यांना विचारलं, “चाचा, तुमारे घर का पत्ता क्या? हम बी आते.” काका परत फिरले, कमानीत उभे राहिले आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाले.

“जोर से! उम्र हो गई मेरी!” खालांनी आतून हाक दिली.

“येऊ का?” ते ओरडले.

“आव!”

पण बहुतेक जण थांबतात, आणि हे मला मोठं वाटतं. सकाळी कॉलेजच्या पोरी येतात, कमानीत घुटमळतात, एकमेकींना कोपरानं ढोसतात, मग एक धीर करून विचारते. आतून उत्तर येतं. दुपारी चौकट बाहेर असते. मी शेवटचं बघितलं तेव्हा वेल ओढणीच्या तिसऱ्या कोपऱ्याशी वळत होती आणि खाला पाय पसरून, डोक्यावर काही न घेता बसल्या होत्या. ईद अजून लांब होती.

तुम्हीही या. एकटे या, मैत्रिणीला घेऊन या, आपल्या पायांनी हिंडा. आणि खालांच्याच गल्लीत असं नाही, कुठल्याही जुन्या शहरात, जिथं कमान असेल आणि पलीकडं लोक राहत असतील, तिथं क्षणभर थांबा. तुमच्या भाषेत विचारा, येऊ का. उत्तर येईपर्यंत उभे राहा. नाही आलं, तर पुढच्या वळणाला लागा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून बघा.