गोदाबाईंनी ऐकलेली कादंबरी

किस्से मुद्दाम गोळा करायला मी कधी गेले नाही. धामणगावातल्या आमच्या दुपारच्या बैठकीत ते आपोआप साठले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या गोदाबाईंचे. गोदाबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र कपाळ बडवून घ्यावंसं वाटे!

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. गावात नवे मास्तर बदलून आले. त्यांची बायको नाशिककडची, शिकलेली. आम्ही बाया दुपारी तिच्या ओट्यावर बियाण्याच्या शेंगा फोडत बसायचो. आमच्यापैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं, म्हणून तिनं आम्हाला एक जुनी कादंबरी वाचून दाखवायला घेतली. त्यात एक कावेरी होती. शेजारणीचा बंगला, गडीमाणसं, दागिने बघून ती आतल्या आत जळायची. आपणही श्रीमंत व्हायचं म्हणजे व्हायचंच, मग कोणाचं काही का होईना!

मास्तरीणबाईंना वाटलं, हे ऐकून बाया शहाण्या होतील. झाल्या की! एक सोडून.

*

पहिल्याच दिवशीची गोष्ट. कावेरी खिडकीतून शेजारणीच्या घरचे झगमगते दिवे बघते आणि तिच्या घशाखाली घास उतरत नाही, असं वाचून झालं. आम्ही सगळ्या हळहळलो. गोदाबाई म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं! समोर एवढा उजेड अन् हिनं चिमणीत बसाचं? जेवण जाईन काय? माह्या तं इमलबाईचा रेडिओ लागला का पोटात कालवते!"

विमलबाई, म्हणजे आमच्या शेजारीण, तिथंच शेंगा फोडत होत्या! बिचारीनं संध्याकाळी रेडिओ अगदी हळू लावला.

तर भिंतीपलीकडून गोदाबाई ओरडल्या, "आवाज वाढव वो इमलबाई! मले काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं!"

*

पुढं कावेरीनं शेजारणीची माळ मागून आणली आणि चारचौघींत आपली म्हणून मिरवली.

दुसऱ्या दिवशी गोदाबाई माझ्या दारात. "सरू, तुही बोरमाळ दे वं. इमलबाईकडं हळदीकुंकू हाय."

मी दिली. थोरली जाऊ, नाही कसं म्हणणार? हळदीकुंकवाला गोदाबाई माळेवर हात ठेवूनच बसल्या. वर सगळ्या बायांसमोर मलाच म्हणतात, "काऊन वं सरू, तुह्या गळ्यात काहीच नाही? माह्या दिरानं काहीच केलं नाही काय तुले?"

*

मग कावेरी शेजारणीच्या घरच्या कार्याला आजारपणाचं सोंग करून गेली नाही.

झालं! विमलबाईंच्या लेकीच्या मुलाचं बारसं, आणि गोदाबाई कपाळाला फडकं बांधून पडलेल्या. मी ताट घेऊन गेले. पडल्या पडल्या पहिला प्रश्न, "पोरीच्या सासरच्यायनं काय चढोलं?" मी सांगत गेले, त्या लाडू खात गेल्या. तीन संपवले.

मी म्हटलं, "बाई, तापात गोड खाऊन राह्यल्या?"

"कावेरीनंबी खाल्लं होतं."

"अहो, कावेरी खोटी आजारी होती!"

"मंग मी काय म्हणून राह्यली?"

संध्याकाळी मी मास्तरीणबाईंना म्हटलं, "आम्ही ऐकतो सुधारायले. आमच्या बाई ऐकून राह्यल्या शिकायले!"

*

इथवर हसण्यावारी होतं. पण गोदाबाईंची पोरगी सुमन लग्नाची होती. लोणारच्या एका शाळामास्तराशी बोलणी जवळपास पक्की झालेली. सुमननं माझ्या कानात सांगितलंही होतं, "काकू, मले पसंत हाये."

आणि नेमकं त्याच आठवड्यात कावेरीनं आपल्या पोरीचं गरीब कारकुनाशी ठरलेलं लग्न मोडलं आणि एका बिजवर शेटजीला हो म्हणाली.

गोदाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

सकाळी लोणारला नकाराचा निरोप! चार दिवसांत खामगावच्या एका आडत्याचं स्थळ आलं. बायको वारलेली, दोन लेकरं, पण घरची जीप. मी भांडले. "बाई, सुमनच्या दुपटीनं वय हाय त्याचं!"

"इमलबाईच्या जवायाजवळ तं सायकल हाय," गोदाबाई म्हणाल्या. आता या बाईशी बोलायचं तरी काय?

सुमन माझ्या चुलीपाशी बसून रडायची आणि विचारायची, "काकू, त्या पुस्तकातल्या पोरीचं पुढं काय होते?"

*

मास्तरीणबाईंनी पुढचं वाचून ठेवलेलं होतं. त्या म्हणाल्या, "वाईट आहे हो पुढचं." मग आम्ही दोघींनी ठरवलं, गोष्टच बदलायची! दुसऱ्या दिवशी पुस्तक डोळ्यांसमोर धरून त्यांनी मनचं वाचायला सुरुवात केली. कावेरीला पश्चात्ताप झाला, तिनं शेटजीला नाही कळवलं, पोर कारकुनाच्या घरी सुखानं नांदली. छान जमलं होतं!

गोदाबाई शेंगा बाजूला ठेवून त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"मास्तरीणबाई, बाकीच्या दिवशी तुमचे डोये इकडून तिकडं जात होते. आज एकाच जागी उभे हायेत. नीट वाचा!"

मास्तरीणबाईंचे कान लाल झाले. मुकाट्यानं त्यांनी खरं वाचलं. लग्नानंतर कावेरीची पोर दागिन्यांनी मढून घोडागाडीतून माहेरी येते. कावेरी धावत पाण्याचा गडू नेते. सोबतची सासू म्हणते, आमची सून इथलं पाणी घेत नाही. पोर मान खाली घालते. गाडी निघून जाते.



"पाणी कोन्या हिरीचं होतं?" गोदाबाईंनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही हो."

"मंग काय लिव्हलं त्या माणसानं!" म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या. शेंगांची टोपली तिथंच राहिली, ती मलाच डोक्यावरून न्यावी लागली.

*

आडत्याच्या घरचे मुलगी बघायला आले, तो दिवस. जीप दारात. आडत्या, त्याची आई आणि दोन पाहुणे. सुमन खाली मान घालून उभी. गोदाबाईंनी निव्वळ दुधाचा चहा केला होता, चार कपबश्या विमलबाईंकडून आणलेल्या. चहा समोर ठेवला.

आडत्याची आई कपाकडं न बघता म्हणाली, "आम्ही बाहेरचं घेत नसतो." आणि जीपमधून त्यांची सुरई मागवली.

गोदाबाई तशाच उभ्या राहिल्या. मग वाकल्या, पहिला कप उचलला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, पिऊन टाकला. मग दुसरा. मग तिसरा. मी पदर तोंडावर धरलेला. चौथाही संपवून त्यांनी कप पालथा घातला आणि म्हणाल्या, "निघा आता. जीप उन्हात हाय, गादी तापन."

त्याच आठवड्यात सुमनचे वडील, माझे थोरले दीर, लोणारला जाऊन हातापाया पडून आले, आणि सुमन त्या शाळामास्तराच्या घरी नांदायला गेली.

पुढं एकदा मास्तरीणबाईंनी गोदाबाईंना हळूच विचारलं, "त्या दिवशी कावेरी आठवली का हो?"

"कोनती कावेरी?" गोदाबाई म्हणाल्या. "रेशनची साखर होती वो. फेकून देऊ काय?"